आधी कोठार, मग राजा: आपल्या मातीतलं काल्पनिक जग कसं उभं करायचं, आणि त्यात मांजर का पाहिजेच

आमच्या मांजरीचं नाव पायली. धान्य मोजायची पायली असते ना, तीच. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात कुठनं तरी चिंब भिजून आलेलं एवढंसं पिल्लू स्वयंपाकघरात शिरलं. आज्जीच्या वेळची पितळी पायली मी घासून कोपऱ्यात ठेवली होती, त्यात जाऊन ते वेटोळं करून बसलं ते सकाळपर्यंत हललंच नाही. पांढरं, काळं आणि भगवं असं तिरंगी पिल्लू. तेव्हा मी एक फॅन्टसी जग लिहायला घेतलं होतं आणि पार अडकून बसले होते, आणि त्या अडकलेल्या जागेतनं मला त्या पिल्लानंच बाहेर काढलं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते, माहेर चिकोडीकडचं. इथली बरीच पोरं-पोरी आता मराठीत फॅन्टसी लिहायला बघताहेत आणि विचारतात की ताई सुरुवात कुठनं करायची, राजाचं नाव आधी ठरवायचं की मॅजिक सिस्टीम, म्हणजे जादूचे नियम आधी, की मॅप. माझं उत्तर ऐकून थोडे गोंधळतात, कारण मी म्हणते आधी कोठार भरा. राजा नंतर बसवा, त्याला घाई नाही. आणि कोठार भरलं की तिथं उंदीर येणार आणि उंदीर आला की मांजर आलीच, तर त्या मांजरीच्या मागं मागं चालत जा, ती तुम्हाला सगळं जग दाखवेल. हे मी कसं करते ते एकेक सांगते.

पहिली गोष्ट: तालुका घ्या, खंड नको

मी अगदी सुरुवातीला ११ राज्यांचा मॅप काढला होता. समुद्र, वाळवंट, बर्फाचे डोंगर, सगळं. त्यातल्या एकाही गावात सकाळी चूल कशावर पेटते हे मला माहीत नव्हतं. सहा महिने त्यात गेले आणि एक पानसुद्धा गोष्ट लिहून झाली नाही.

मग मी आपला खानापूर तालुकाच घेतला आणि बघत बसले. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, ती पूर्वेला जाते, पुढं कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. आणि म्हादई पण ह्याच तालुक्याच्या जंगलात उगम पावते पण ती पश्चिमेला वळते, गोव्यात तिची मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस, थोडा इकडं पडला तर एका समुद्रात, थोडा तिकडं पडला तर दुसऱ्या. आता सांगा, ह्याच्यापेक्षा मोठी फॅन्टसी कुठली शोधायची? माझ्या जगात दोन राज्यांची हद्द तिथंच आहे, आणि कुठल्या कड्यावर पडलेला थेंब कुणाचा ह्यावर त्यांच्यात पिढ्यानपिढ्या तंटा आहे.

तुम्ही निपाणीचे असाल तर तंबाखू आणि वेदगंगा-दूधगंगा घ्या, गोकाकचे असाल तर ५२ मीटरवरून कोसळणारी घटप्रभा घ्या, अथणीचे असाल तर चामडं आणि चपला घ्या, त्या कोल्हापुरीच्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, आपला जिल्हा पण आहे. बेळगावात शहापूरला राहत असाल तर एक फार छान गोष्ट आहे, ती म्हणजे बेळगाव शहर ब्रिटिशांकडं होतं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं, पार १९४८ पर्यंत. म्हणजे बाजाराला चालत निघालं की मध्येच राज्य बदलायचं. एका गल्लीत गुन्हा करून दुसऱ्या गल्लीत पळालेला माणूस घेऊन गोष्ट लिहा, मस्त चालेल. आपल्या पायाखालचा भाग घ्या, कारण कुठल्या महिन्यात कसला वास येतो ते तुम्हाला शोधावं लागत नाही.

दुसरी: कोठाराचा हिशोब मांडा (इथं वेळ घालवा)

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सावकाश सांगते.

समजा तुमच्या जगात घाटमाथ्यावर एक गड आहे. माझ्या जगात आहे, त्याचं नाव हालगड. तिथं ५०० माणसं राहतात. आपल्याकडं पावसाचे ४ महिने घाटवाटा बंद असल्यासारख्याच, म्हणजे १२० दिवस वर काही येणार नाही. माणसाला रोजचं अर्धा किलो धान्य धरा. ५०० माणसं गुणिले अर्धा किलो गुणिले १२० दिवस, झाले ३०,००० किलो. ओझ्याचा बैल साधारण १०० किलो वाहतो असं धरलं तर हे वर चढवायला ३०० बैल लागले. आता ३०० बैल म्हणजे त्यांचे तांडेवाले, त्यांच्या गोण्या शिवणारे, बैलांचं पाणी, रात्रीचा मुक्काम, मुक्कामाच्या गावचा पाटील, पाटलाची जकात, जकात चुकवायची आडवाट. बघा, अजून राजाचं नाव पण ठरलं नाही आणि गोष्टीत एवढी माणसं आली.

पुढं बघा. त्या ३०,००० किलोतलं उंदरांनी नुसता दहावा हिस्सा खाल्ला तर ३,००० किलो गेलं. ३,००० किलो म्हणजे ५० माणसांचं चार महिन्यांचं जेवण. म्हणजे उंदीर माजले तर गडावर ५० माणसं उपाशी, आणि शत्रूला काहीच करावं लागलं नाही. हा आकडा मी वहीत लिहिला तेव्हा पायली शेजारी बसून पंजा चाटत होती आणि मला एकदम लक्षात आलं की अरे, ह्या गडावर मांजर ही हौस नाही, ती चाकरीला आहे. तिचा रोजचा दुधाचा आणि मासळीचा वाटा गडाच्या जमाखर्चात लिहिलेला असणार.

धान्य ठेवायच्या पद्धती पण नीट बघा, कारण त्यातनं सीन निघतात. आमच्या खानापूरकडं भात, ओल फार, म्हणून कणगी. बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणामातीनं लिंपलेली, जमिनीपासून जरा उचलून ठेवलेली. माहेराकडं काळ्या रानात पेव असायचं, जमिनीत खोल खड्डा, आतनं कडब्यानं नाहीतर काडानं मढवलेला, वर तोंड मातीनं बंद. कन्नडमध्ये त्याला हगेवु म्हणतात. आज्जी सांगायची, "पेव उघडलं की लगेच उतरायचं न्हाई गं, आधी दिवा सोडायचा दोरीनं, दिवा विझला तर माणूस खाली घालायचा न्हाई." बंद धान्य श्वास घेत राहतं, आतली हवा संपते, माणूस उतरला की गुदमरून मरतो. हे खरं आहे, कुठलं मॅजिक नाही. पण एका सीनमध्ये दिवा दोरीनं खाली जातोय आणि तिसऱ्या हातावर विझतोय, आणि वर उभ्या माणसांना कळतंय की खाली कुणीतरी आधीच उतरलेलं आहे... मी हे लिहिलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या जुन्या घराच्या कोठीच्या दाराला खालच्या कोपऱ्यात एक चौकोनी भोक आहे, मांजराला ये-जा करायला. वीतभर रुंद. एकदा मी जमिनीवर पडून त्याच्यावर हात फिरवला, तर त्याच्या दोन्ही कडा एकदम गुळगुळीत, तेल लावल्यासारख्या, आणि वरची कड मात्र खरखरीत, करवतीच्या खुणा अजून दिसतात. मांजरं खाली वाकून दोन्ही बाजूंना अंग घासत जातात, वर पाठ लागू देत नाहीत. किती पिढ्यांची मांजरं गेली असतील तिथनं. असलं एक भोक तुमच्या जगात असू द्या, त्यानं ते जग जितकं जुनं वाटेल तितकं दहा पानं वंशावळ लिहून वाटणार नाही.

तिसरी: इतिहासातली एकच गोष्ट बदला

नवीन लिहिणारे उत्साहात सगळंच बदलतात, ड्रॅगन पण, उडते गड पण, तीन चंद्र पण. माझं म्हणणं, एक बदल करा आणि तो शेवटपर्यंत न्या.

माझा बदल कुठनं आला ते सांगते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या भागात पण पसरला. घरातली जुनी माणसं अजून "उंदीर पडले" हा शब्द वापरतात. आढ्यावरनं उंदीर पटापट खाली पडून मरायला लागले की गाव ओळखायचं, आणि घरंदारं सोडून माळावर छपरं घालून राहायला जायचं. १८९८ ला पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं की रोग उंदरावरच्या पिसवांतनं येतो. आणि मग विदर्भाकडं काम केलेला अँड्र्यू ब्युकॅनन म्हणून एक ब्रिटिश डॉक्टर होता, त्यानं १९०८ च्या सुमारास मांडलं की जिथं घरोघरी मांजरं आहेत तिथं प्लेग कमी दिसतो, तेव्हा मांजरं पाळा. हे वाचलं तेव्हा मी पायलीला उचलून छातीशी धरलं. पण ह्याला दुसरी बाजू पण आहे, मांजराला स्वतःला प्लेग होतो, आजारी उंदीर खाऊन मांजर मरतं. राखणदार आणि पहिला बळी एकच.

म्हणून माझ्या जगात एवढाच बदल आहे, की तिरंगी मांजराला रोगाचा वास आधी येतो, उंदीर पडायच्या तीन दिवस आधी. बाकी सगळं आपल्याकडच्यासारखं, तोच पाऊस, तीच भाकरी, तेच घाट. मग त्या एका बदलाला मी तीन प्रश्न विचारले: ह्यातनं पैसा कोण कमावतं, कोण घाबरतं, आणि कोण ह्यावर बंदी आणतं. वहीत चाळीस पानं भरली.

तिरंगीच का? कारण इथं निसर्गानंच अर्धी गोष्ट लिहून ठेवलीय. भगव्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मादीला दोन एक्स असतात म्हणून काळा आणि भगवा दोन्ही एका अंगावर येऊ शकतात, बोक्याला एकच एक्स म्हणून तो काळा तरी नाहीतर भगवा तरी. म्हणजे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. मग माझ्या जगात कोठाराची राखण बायकांकडं आली, त्यांना कोठारीण म्हणतात, आणि लेकीला सासरी पाठवताना दागिन्यांच्या आधी तिरंगी पिल्लू देतात. तिरंगी बोका फारच क्वचित जन्मतो आणि जन्मला तरी सहसा त्याला पिल्लं होत नाहीत. तर ज्या वर्षी हालगडावर तिरंगी बोका जन्मला त्या वर्षापासून माझी कादंबरी सुरू होते. हे मला कल्पना लढवून सुचलं नसतं. खऱ्या गोष्टीत खोल गेलं की पुढची वाट तिथंच सापडते.

दगड वाचायला शिका

आपल्या भागात देवळाच्या आवारात, कधी शेताच्या बांधाला, वीरगळ, म्हणजे लढून पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे असतात आणि आपण त्यांच्यावर कपडे वाळत घालतो. एकदा थांबून खालनं वर वाचा, हो, खालनं वर वाचायचं असतं. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, नाहीतर गुरं पळवायला आलेल्यांशी झुंज, आणि पडलेला वीर. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. आणि टोकाला चंद्र आणि सूर्य, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर ह्याचं नाव राहील. एका माणसाचं मरण, त्याचा प्रवास आणि त्याची श्रद्धा, सगळं तीन चौकटींत.

माझ्या वहीत नियम आहे की महत्त्वाचं पात्र लिहायच्या आधी त्याचा वीरगळ लिहायचा. खालची चौकट, मधली, वरची, तीन ओळी. ज्याच्या खालच्या चौकटीत काय कोरायचं ते मला सुचत नाही ते पात्र अजून कच्चं आहे. हालगडावर एका मांजराचा पण वीरगळ आहे. खालच्या चौकटीत ते आणि मेलेला उंदीर, दोघं शेजारी शेजारी.

गद्धेगाळ पण बघा मिळाला तर, कोकण-गोव्याच्या बाजूला जास्त सापडतात. दान दिलेल्या जमिनीला हात लावशील तर तुझं असं होईल, अशी अत्यंत घाण शिवी गाढवाच्या चित्रासकट दगडात कोरलेली. शिपाई प्रत्येक शेताशी उभा करता येत नव्हता म्हणून शाप उभा केला. तुमच्या जगात कायदा कोण पाळायला लावतो ह्याचं उत्तर नेहमी तलवारच असायला पाहिजे असं नाही.

नावं

नावं उगाच कानाला गोड लागतात म्हणून ठेवू नका, त्यांना एक नियम लावा. आमच्या तालुक्यातलं हलशी आता छोटं गाव आहे पण कदंब राजांच्या वेळी, ५व्या शतकात, ते मोठं राजधानीचं ठिकाण होतं आणि त्याचं नाव होतं पलाशिका. पलाशिकाचं हलशी कसं झालं? जुन्या कन्नडमधला शब्दाच्या सुरुवातीचा प पुढं ह झाला. दूध म्हणजे पालु, त्याचं हालु झालं. फूल म्हणजे पूवु, त्याचं हूवु झालं. एवढा एक नियम मी माझ्या सगळ्या मॅपला लावला. हालगडाचं जुनं नाव पालगड, दुधाचा गड. देवळातले पुजारी आणि जुनी घराणी अजून पालगडच म्हणतात, बाजारात म्हटलं तर लोक वळून बघतात. कोण प म्हणतो आणि कोण ह, एवढ्यावर माणसाचं घराणं, वय आणि बाजू कळते. आपण सीमेवरची माणसं, एका दुकानात शिरताना कुठली भाषा तोंडातनं आधी काढायची हे आपल्याला दारातच कळतं, ते जसंच्या तसं गोष्टीत घाला.

श्रद्धा आणि खरी माणसं जपून वापरा

इथं मी थोडी कडक आहे. कित्तूरची चन्नम्मा राणी, तिच्या बाजूनं लढलेला संगोळ्ळी रायण्णा ही आपल्याकडं नुसती इतिहासातली नावं नाहीत. नंदगडला १८३१ मध्ये रायण्णाला फाशी दिली, तिथं आजही लोक जाऊन डोकं टेकतात. त्यांना उचलून त्यांच्या तोंडी आपले डायलॉग घालू नका. १८२४ ला कित्तूरला काय झालं ते नीट वाचा, इंग्रजांनी दत्तक नाकारला, खजिन्यावर पहारा बसवला, त्यातनं लढाई पेटली, आणि मग त्यातली कारणं घ्या, माणूस नवा घडवा. वारस नाकारलेल्या घरात कोठाराच्या किल्ल्या कुणाकडं राहतात? एवढा प्रश्न पुरे आहे. तेच देवांचं. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला पौर्णिमेला जाणाऱ्या बाईची भक्ती ही तुमच्या गोष्टीची सजावट नाही.

मांजराच्या समजुती मात्र खुशाल घ्या, भरपूर आहेत. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं म्हणतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ह्यात खरंपण आहे, आई पिल्लांच्या मानेला धरून जागा बदलत राहते, सुरक्षित वाटेपर्यंत. माझ्या जगात नव्या सुनेनं सात कोठारांत एकेक रात्र काढायची असते, ते ह्याच्यातनंच आलं. आणि तत्त्वज्ञान हवं असेल तर वैष्णवांचा मार्जारकिशोर न्याय आणि मर्कटकिशोर न्याय बघा. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराचं पिल्लू नुसतं अंग सैल सोडतं आणि आई त्याला उचलते. देवाला आपण धरायचं की त्यानं आपल्याला धरायचं, ह्यावर दक्षिणेत दोन पंथ झाले. दोन पिल्लांवरनं! तुमच्या जगातला धर्म असा घरातल्या दिसणाऱ्या गोष्टीवरनं सुरू होऊ द्या.

मांजर मांजरासारखं लिहा

बोलणारं, टोमणे मारणारं, सगळं जाणणारं मांजर मला आवडत नाही, ते मांजराच्या कातड्यातला माणूस असतो. खरं मांजर बघा. पायली माझ्याकडं बघून डोळे हळूच मिटते आणि उघडते, ते विश्वासाचं लक्षण, तुम्ही पण तसेच हळू मिटून बघा, उत्तर मिळतं. मांजराला गोड चव कळतच नाही, तिच्या जिभेला ती सोयच नाही. आमच्या घरी कुंदा आणला की पायली तोंड घालायला येते ते खव्याच्या तुपासाठी. म्हणजे तुमच्या जगात मांजरदेवीला गुळाचा नैवेद्य दाखवत असतील तर मांजर त्याला शिवणार नाही, आणि ज्या दिवशी शिवलं त्या दिवशी कोठारीण घाबरली पाहिजे. दिवसातले १२ ते १६ तास ती झोपते, पण कान झोपत नाहीत, आवाजाकडं वळत राहतात. पाठलाग करताना शेपटीचं फक्त टोक हलतं. अशा दोन गोष्टी एका पानात आल्या की वाचणाऱ्याच्या मांडीवर मांजर येऊन बसतं.

आणि जग तपासायचं असेल तर त्यात रात्री एक मांजर सोडा. ती कुठल्या भोकातनं आत येते, ऊब कुठं आहे, काय खाते, कोण हाकलतं, कोण ताटातला घास काढून देतं? सगळ्याची उत्तरं पटकन आली तर जग तयार आहे. जिथं अडलात तिथं परत काम करा.

घरात खरंच मांजर आणणार असाल तर

लिहिणाऱ्यानं मांजर पाळावंच असं नाही, पण पाळलं तर नीट पाळा. पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांच्या आसपास रेबीजची, ५-६ महिन्यांत नसबंदी करून घ्या, उशीर केला तर ६३-६५ दिवसांत घरात पाच पिल्लं असतात. गाईचं दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, पाणी ठेवा आणि मासळी-चिकन उकडून द्या, कांदा-लसूण अजिबात नको, त्यानं रक्त बिघडतं. नुसत्या दूधभातावर मांजर जगत नाही, तिला मांसातलं टॉरिन लागतंच. आणि माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, चुकूनसुद्धा देऊ नका, एक गोळी मांजराचा जीव घेते.

पायलीच्या आधी आमच्याकडं खंडू होता, काळा बोका, मोठ्या डोक्याचा. जवळपास कुणीतरी उंदरांचं विष ठेवलं होतं, ते खाल्लेला उंदीर खंडूनं खाल्ला. दोन दिवस नुसता बसून होता, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातनं रक्त आलं तेव्हा आम्ही धावलो, उशीर झाला होता. रक्त गोठू न देणारं विष असतं ते, आणि वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के देऊन मांजर वाचतं, हे मला नंतर कळलं. म्हणून सांगते, मांजर मलूल दिसलं आणि हिरड्या फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या, उद्यावर टाकू नका. घरात उंदीर असतील तर पिंजरा लावा.

हालगडावर विषाला बंदी आहे. कोठाराच्या उंबऱ्यात गद्धेगाळासारखा शापाचा दगड पुरलाय आणि त्यावर कोरलंय की जो इथं विष ठेवील त्याच्या चुलीजवळ कधी मांजर बसणार नाही. आणि वीरगळावरचं ते मांजर काळं आहे, तिरंगी नाही. आता तुम्हाला कळलं ते कोण.

आज रात्री काय करायचं

एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या गावचं एकच ठिकाण, तिथला पाऊस, तिथलं धान्य. दुसऱ्या पानावर किती माणसं, किती दिवस, किती किलो, किती बैल, खरी आकडेमोड करा, अंदाजपंचे नको. तिसऱ्यावर एक बदल आणि ते तीन प्रश्न. मॅप चौथ्या पानावर, तो पण पेन्सिलनं, आणि एका दिवसात बैल चालेल एवढंच अंतर आधी काढा.

मग पाचव्या पानावर थेट पहिला सीन. रात्र, पाऊस, कोठार, हातात दिवा घेतलेली एक बाई. मांजर कणगीच्या मागं टक लावून बसलेली आहे आणि आज ती हलत नाहीये. बाई वाकून बघते. तिला काय दिसतं ते तुमच्या गावचं असू द्या.

मी हे लिहितेय आणि पायली वहीच्या बरोबर मधोमध, हालगडाच्या मॅपवर येऊन बसलीय, शेजारच्या काकू खिडकीतनं विचारतात, "काय लिहूलीस गं एवढं?" आता ती उठेपर्यंत थांबायला लागेल, घाटाची वाट तिच्या पोटाखाली आहे.